दातातल्या किडीचा शोध: डेल्फ्टच्या कापडवाल्याने स्वतःच्या तोंडात काय पाहिलं?

नरखेड तालुक्यात कीड हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. संत्र्यावर काळी माशी बसली की मागून कोळशी धरते, कपाशीच्या बोंडात अळी शिरते, तुरीच्या शेंगा पोखरल्या जातात. आणि घरातल्या पोराची दाढ ठणकायला लागली की तिलाही कीडच लागलेली असते. फरक एवढाच, की बोंड फोडलं तर अळी हातात येते. दाढेत मात्र काळा खड्डा दिसतो, कीड काही दिसत नाही.

दिसत नसली तरी ती आत बसलेली आहे, असं माणसाने हजारो वर्षं धरून ठेवलं. सुश्रुतसंहितेत दाताच्या रोगांमध्ये कृमिदंत आहे. बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर दातातल्या किड्याची कथा कोरलेली आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे पाडायचा उपाय आपल्याकडच्या आजीआजोबांना ठाऊक होता. युरोपातही हाच धंदा दुसऱ्या एका वनस्पतीच्या बियांवर चालायचा. बी तापलं की फुटतं आणि आतला पांढरा कोंब बाहेर येतो. दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला तो अळीसारखा दिसतो.

ही कीड म्हणजे नक्की काय, याचा पहिला खरा धागा ज्याच्या हाती लागला तो वैद्य नव्हता, दंतवैद्य नव्हता आणि कॉलेजात शिकलेलाही नव्हता. तो हॉलंडमधला कापड दुकानदार होता. त्याचं नाव आंतोनी व्हान लेवेनहूक. शाळेच्या पुस्तकात सूक्ष्मजंतू पहिल्यांदा पाहणारा म्हणून त्याचं नाव येतं. ते जंतू पाहताना एका संध्याकाळी त्याने दातांवरचं किटण खरवडून काचेखाली घेतलं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा

लेवेनहूकचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्ट या गावी झाला. वडील टोपल्या विणायचे. मुलगा लहान असतानाच ते वारले. सोळाव्या वर्षी त्याला ॲमस्टरडॅमला कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला पाठवलं. तिथे तो हिशेब शिकला आणि कापड पारखायला शिकला. एका इंचात धागे किती, वीण घट्ट आहे की पातळ, हे बघायला त्या काळचे व्यापारी भिंग वापरायचे. लेवेनहूकच्या हातात भिंग पहिल्यांदा आलं ते बहुधा इथेच.

१६५४ मध्ये तो डेल्फ्टला परतला, लग्न केलं आणि स्वतःचं दुकान टाकलं. पाच मुलं झाली. त्यातली मारिया एवढीच मोठी होईपर्यंत जगली. पहिली बायकोही १६६६ मध्ये गेली. त्याआधी १६६० मध्ये त्याला नगरपालिकेत नोकरी मिळाली होती. दालनाची देखभाल, दिवाबत्ती, शेगडी असलं काम. पुढे तो जमीनमोजणीची परीक्षा पास झाला. दारूच्या पिंपांची मापं तपासायचं कामही त्याच्याकडे आलं. चित्रकार व्हर्मीर हा त्याच गावचा आणि त्याच महिन्यातला. व्हर्मीर कर्जात मेला तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहायला गावाने लेवेनहूकलाच नेमलं. थोडक्यात, चार लोकांनी विश्वास ठेवावा असा हिशेबी माणूस. मोजायची सवय अंगात मुरलेली. ही सवय पुढे फार उपयोगी पडली.

नोकरीने पोटाची काळजी मिटवली आणि तो भिंगांच्या नादी लागला. त्याचा सूक्ष्मदर्शक म्हणजे आज प्रयोगशाळेत दिसतो तसा नळीचा नव्हे. हातात मावणाऱ्या पितळी पत्र्याला बारीक भोक, त्यात ज्वारीच्या दाण्याहून लहान काचेचं एक भिंग आणि समोर वस्तू टोचायला स्क्रूवर बसवलेली सुई. ते डोळ्याला अगदी चिकटवून उजेडाकडे बघायचं. आयुष्यात त्याने अशी पाचशेच्या आसपास भिंगं केली. त्यातली मोजकीच आज उरली आहेत. त्यातलं सर्वांत ताकदवान भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतं.

डेल्फ्टमधल्याच एका डॉक्टरने १६७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याचं नाव कळवलं. तिथून पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५० वर्षं चालला. त्याला लॅटिन येत नव्हतं, इंग्रजीही नाही. सगळी पत्रं आपल्या डच भाषेत, आणि तीही घरात बोलावी तशी. १६७६ मध्ये मिरी भिजवलेल्या पाण्यात त्याला इतके बारीक जीव दिसले की लंडनच्या विद्वानांना ते पटेना. त्याने गावातले पाद्री आणि इतर प्रतिष्ठित मंडळी घरी बोलावली, त्यांना भिंगातून पाहायला लावलं आणि त्यांच्या सहीनिशी साक्षी लंडनला पाठवल्या. १६७७ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट हूकला स्वतःला ते जीव दिसले तेव्हा वाद मिटला. १६८० मध्ये कापडवाला रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

१७ सप्टेंबर १६८३

या तारखेचं पत्र आपल्या कामाचं. लेवेनहूक तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. आपण दात कसे राखतो हे तो आधी सांगतो. रोज सकाळी मिठाने दात घासायचे, पाण्याने चूळ भरायची, जेवण झालं की दाढांत काडी फिरवायची आणि फडक्याने खसाखसा पुसायचं. आपल्याकडे मीठ आणि कोळशाची पूड वापरायचे त्यातलाच प्रकार. त्याच्या वयाच्या माणसाच्या मानाने दात उत्तम होते, आणि याचा त्याला थोडा अभिमानही होता.

तरी दाढांच्या फटीत पिठाच्या खळीसारखं पांढरं काहीतरी उरायचंच. हे त्याने खरवडलं, पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवलं आणि भिंगासमोर धरलं. आत जीव होते. काही माशासारखे सुसाट जाणारे, काही भोवऱ्यासारखे गरगरणारे, काही इतके बारीक आणि इतके दाट की मोजणं अशक्य. त्याने चित्रंही काढून पाठवली. आजच्या जाणकाराला त्या चित्रांत दंडगोल, गोल आणि मळसूत्री जिवाणू ओळखता येतात.

त्याचा मोठेपणा मला या पुढच्या भागात दिसतो. नुसतं पाहून तो थांबला नाही. घरातल्या दोन बायकांच्या दातांवरचं किटण घेतलं, त्या बहुधा बायको आणि मुलगीच असाव्यात. आठ वर्षांच्या एका मुलाचं घेतलं. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याचं घेतलं, तर त्यातलं पाणीच जिवंत असल्यासारखं वळवळत होतं. दारू आणि तंबाखूची सवय असलेला दुसरा म्हातारा गाठला. रोजच्या दारूने हे जीव मरत असतील का, हा त्याचा प्रश्न. थुंकीत फारसं काही नव्हतं. दातांवरच्या थरात मात्र झुंबड होती.

त्याच्याकडे व्हिनेगरमधले सुतासारखे किडे बघायला गावातल्या बायका यायच्या आणि पुन्हा व्हिनेगर खाणार नाही म्हणत परत जायच्या. त्यावर लेवेनहूकने मिस्कीलपणे लिहिलं आहे, की सगळ्या हॉलंडात जेवढी माणसं नसतील तेवढे जीव एका माणसाच्या तोंडात राहतात, हे यांना सांगितलं तर काय होईल.

व्हिनेगरची चूळ

आता त्याचा खरा प्रयोग. किटणात हे जीव आहेत, तर ते मारता येतील का? लेवेनहूकने कडक व्हिनेगर तोंडात घेऊन पुन्हा पुन्हा चुळा भरल्या, मग पाण्याने तोंड धुतलं. नंतर पुढच्या दातांमधून आणि दाढांमधून किटण काढून पाहिलं. जीव जिवंत होते, आणि भरपूर होते. मग त्याने तेच किटण आधी खरवडून पाण्यात विस्कटलं आणि त्यात थोडं व्हिनेगर टाकलं. जीव लगेच मेले.

(हा प्रयोग घरी करू नका. व्हिनेगर आम्ल आहे, दाताचं वरचं कवच त्याने झिजतं.)

एकच द्रव, एकच जीव. बाहेर मरतात, दातावर असताना मरत नाहीत. लेवेनहूकने यातून काढलेला निष्कर्ष साधा होता: व्हिनेगर त्या थराच्या आतपर्यंत पोचत नाही, फक्त वरवरचे मारतं. नऊ वर्षांनी, १६९२ मध्ये, त्याला पुन्हा असंच काही दिसलं. पुढच्या दातांच्या किटणात जीव हलेनासे झाले होते. तो विचार करू लागला. हल्ली आपण सकाळी घाम फुटेल इतकी गरम कॉफी पितो, तिने मेले असतील का? मग त्याने मागच्या दाढांतलं किटण काढलं. कॉफीचा चटका जिथे नीट बसत नाही, तिथे ते मजेत नांदत होते.

त्या थराला आज बायोफिल्म म्हणतात. दंतवैद्य त्यालाच प्लाक म्हणतात. नरखेड-काटोल भागातल्या शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही, फक्त नाव नवं आहे. संत्र्याच्या बागेतली ठिबकची नळी दोन हंगामांनी कापून बघा. आतली भिंत बुळबुळीत असते. पाण्यातले काही जिवाणू आधी भिंतीला चिकटतात आणि डिंकासारखा चिकट पदार्थ सोडतात. त्यात आणखी जिवाणू, शेवाळ, गाळ अडकत जातो. पाणी वाहत असतं, पण थर जागचा हलत नाही. म्हणून नळीत क्लोरीन सोडलं तरी काम संपत नाही. शेवटची टोपी उघडून जोरात फ्लश करावं लागतं.

दातावर असंच घडतं. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा अतिपातळ पापुद्रा दातावर बसतो. त्या पापुद्र्याला धरून पहिले जिवाणू येतात, त्यांना धरून दुसरे. तोंडात जिवाणूंच्या ७०० हून जास्त जाती सापडल्या आहेत. सगळ्या वाईट नाहीत, बऱ्याच तर उपयोगी आहेत. पण थर एक-दोन दिवस तसाच राहिला तर जाड होतो, आत हवा पोचत नाही, लाळ पोचत नाही. लाळेतला चुना त्यात साचला की तो दगडासारखा कडक होतो. सुश्रुताने दंतशर्करा म्हटलं आहे ते हेच. तिथे शर्करा म्हणजे साखर नव्हे, कंकर.

चीजमधल्या अळ्या

साल १७००. रॉयल सोसायटीकडून लेवेनहूककडे एक वेगळीच गोष्ट आली: धुरी देऊन कुणाच्या तरी किडलेल्या दातातून निघाल्याचं सांगितलेल्या अळ्या. दातातला किडा अखेर पकडला गेला, असंच कुणालाही वाटलं असतं.

त्याने त्या नीट तपासल्या. मग बाजारातल्या जुन्या, कुजट चीजमधल्या अळ्या आणून त्यांच्याशी ताडून पाहिल्या. दोन्ही एकच निघाल्या. माशी जुन्या चीजवर अंडी घालते, त्यातून या अळ्या होतात. असलं चीज खाताना एखादी अळी दाताच्या पोकळीत गेली असेल, असा त्याने खुलासा केला. धुरी देणाऱ्याला खोटारडा ठरवण्याची त्याला गरज वाटली नाही. अळी खरी होती, पण ती दातात जन्मलेली नव्हती.

इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. तोंडात कोट्यवधी जीव राहतात हे याच माणसाने दाखवलं होतं. दात बारीक नळ्यांचा बनलेला असतो हेही त्याने १६७८ मध्येच कळवलं होतं. आज आपल्याला ठाऊक आहे की कवच फुटल्यावर जिवाणू याच नळ्यांतून आत नसेपर्यंत पोचतात आणि दाढ रात्री ठणकते. म्हणजे कोड्याचे जवळजवळ सगळे तुकडे त्याच्या टेबलावर होते. पण हे जीवच दात किडवतात असं त्याने म्हटलं नाही. माझ्या मते हा त्याचा दोष नाही. बारीक जीव मोठ्या प्राण्याला आजारी पाडतो ही कल्पनाच अजून रुजली नव्हती, आणि जे दिसलं नाही ते लिहायचं नाही ही त्याची सवय होती.

दोष काढायचाच तर दुसरा आहे. आपली उत्तम भिंगं तो कुणाला दाखवायचा नाही. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर त्याला भेटून गेला. पाहुण्यांना साधी भिंगं दाखवायची आणि खास भिंगं कपाटात ठेवायची, ही त्याची रीत. तत्त्वज्ञ लायब्निझने सुचवलं होतं की चार तरुणांना हे शिकवावं. लेवेनहूकने नकार दिला. भिंगं कशी केली ते त्याने सांगितलं नाही. अगदी २०२१ मध्ये न्यूट्रॉन किरणांनी तपासल्यावर कळलं, की त्याचं ते सर्वांत ताकदवान भिंग काचेचा धागा ज्योतीत वितळवून केलेला मणी आहे. ही पद्धत रॉबर्ट हूकने आधीच छापली होती! गुपित इतकं जपल्यामुळे त्याच्यामागे ते काम पुढे नेणारा कुणी उरला नाही.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तो डेल्फ्टलाच गेला. छातीखालचा पडदा उडण्याचा दुर्मिळ विकार त्याला झाला होता. त्याचं वर्णनही तो शेवटपर्यंत लंडनला लिहून कळवत होता. चांदीच्या २६ सूक्ष्मदर्शकांची पेटी मारियाने त्याच्या इच्छेप्रमाणे रॉयल सोसायटीला पाठवली. पुढे ती हरवली.

दोनशे वर्षांनी

लेवेनहूकचं काम उचललं ते विलोबी मिलरने. हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये शिकवायचा. क्षयाचा जंतू शोधणारा रॉबर्ट कॉख त्याच गावात काम करत होता, आणि जंतू वाढवायची नवी तंत्रं मिलरने त्याच्याकडून घेतली. त्याने काढलेले दात लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात ठेवले, ते मऊ पडले. पावाऐवजी मांस घातलं तर पडले नाहीत. लाळ आधी उकळली तरी पडले नाहीत. १८९० च्या सुमारास त्याने मांडलं की तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड अन्न आंबवतात, त्यातून आम्ल होतं आणि आम्ल दात विरघळवतं. म्हणजे दात कुणी कुरतडत नाही. तो विरघळतो.

मिलरचं एका ठिकाणी चुकलं. दातावरच्या चिकट थराला त्याने फार महत्त्व दिलं नाही. पण आम्ल त्या थराखालीच कोंडून राहतं, म्हणून तर ते दाताला भिडतं. १९२४ मध्ये लंडनमध्ये क्लार्कने किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जिवाणू वेगळा केला. साखर मिळाली की तो दोन कामं करतो. तिचं आम्ल करतो, आणि तिच्यापासूनच डिंक बनवून थर आणखी चिकट करतो. गुळाचं तेच, तीही रासायनिक दृष्टीने साखरच. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेत पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर खाऊ घातली. त्यांचे दात किडले नाहीत. एकट्या साखरेने दात किडत नाही, त्यासाठी जंतूही लागतात.

गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच थराखालचं आम्ल वाढतं. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातला चुना सुटू लागतो. लाळ अर्ध्या-एक तासात ते निवळून घेते आणि सुटलेला थोडा चुना परत बसवते. म्हणून दिवसातून एकदा मोठा लाडू खाण्यापेक्षा दर तासाला गोड चहाचा घोट दाताला जास्त महागात पडतो. रात्री लाळ कमी सुटते, तेव्हा दूध-साखरेची बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या बाळाचे पुढचे दात आधी जातात. संत्र्याचं प्रकरण थोडं वेगळं आहे. त्याचं आम्ल थेट फळातून येतं, जिवाणूंची वाट बघत नाही. कवच काही वेळ मऊ पडतं, म्हणून आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये, अर्धा तास जाऊ द्यावा.

आणि मिठाच्या पाण्याची गुळणी, बाजारातला माउथवॉश? त्यांचा थोडा उपयोग आहे, पण ब्रशच्या जागी ते चालत नाहीत. ब्रश थर फोडतो, आणि पेस्टमधलं फ्लोराइड कवचात चुना परत बसायला मदत करतं. दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे दोरा लागतो. खड्डा पडलाच असेल तर धुरीने किंवा लवंगेने तो भरत नाही. लवंगेने फक्त दुखणं बधिर होतं, आणि तेवढ्या आठवड्यांत कीड नसेपर्यंत जाते. वेळीच दाखवलं तर नुसतं सिमेंट भरून भागतं, उशीर केला तर नागपूरच्या फेऱ्या आणि रूट कॅनॉल.

आजच्या प्रयोगशाळांत दातावरच्या थराला दोन रंग देतात. जिवंत जिवाणू हिरवे चमकतात, मेलेले लाल. त्यावर जंतुनाशक द्रव ओतून काही मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जाड थराची वरची बाजू लाल झालेली असते. खालची, दाताला चिकटलेली बाजू बऱ्याच ठिकाणी अजून हिरवी असते.